भोकं मोजू नकोस, तुकडा बघ

प्रिय डॉक्टर,

कोलनच्या (मोठ्या आतड्याच्या) कॅन्सरला लॅप, म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, बरं की रोबो, आणि रोबोची फेलोशिप केली नाही तर मी मागे पडेन का, असं तू विचारलंस. पहिल्याचं उत्तर देतो. दुसरा प्रश्न वाचून चिडलो. मागे कोणाच्या पडशील? कॉन्फरन्समध्ये व्हिडिओ दाखवणाऱ्यांच्या? त्यात पोर्टच्या, म्हणजे दुर्बीण आणि अवजारं आत घालायच्या भोकांच्या, जागा दिसतात, हसत घरी निघालेला पेशंट दिसतो. ट्रेमध्ये काढून ठेवलेला आतड्याचा तुकडा क्वचितच दिसतो, आणि मला नेमका तोच बघायचा असतो. मेसोकोलनचं, म्हणजे आतड्याच्या रक्तवाहिन्या आणि लिम्फ नोड ज्यात असतात त्या पडद्याचं, आवरण अखंड आहे का? रक्तवाहिनी मुळाशी बांधली आहे का? पॅथॉलॉजिस्टला लिम्फ नोडच्या निदान 12 गाठी सापडल्या का?

हे नीट जमलं असेल तर आत कुठून शिरलीस याचं कॅन्सरला काही पडलेलं नाही. अमेरिकेतल्या कॉस्ट चाचणीचा निकाल 2004 साली आला. 872 रुग्ण. तीन वर्षांत रोग परतण्याचं प्रमाण लॅपमध्ये 16 टक्के, ओपनमध्ये (पोट उघडून) 18, म्हणजे बरोबरीच. लॅपवाल्यांचा हॉस्पिटलातला मुक्काम एका दिवसाने कमी. पण त्या चाचणीतल्या सर्जनांनी आधी अशा किमान 20 शस्त्रक्रिया केलेल्या असाव्या लागत आणि त्यांचा व्हिडिओ तपासला जाई, हे कोणी सांगत नाही. एवढं करूनही साधारण पाचातल्या एका पेशंटचं पोट मध्येच उघडावं लागलं. तेव्हा अशा मध्येच उघडण्याची, कन्व्हर्जनची, लाज बाळगू नकोस. आवरण फाटतंय असं दिसलं की उघड.

मी स्वतः 2004 पर्यंत कोलनच्या कॅन्सरला दुर्बीण लावली नाही. पहिल्या लॅप कोलेक्टॉमी (कोलनचा भाग काढणं) 1991 मध्ये छापून आल्या आणि पाठोपाठ पोर्टच्या जागीच कॅन्सर उगवल्याचे अहवाल येऊ लागले. बरोबरीचे मला जुनाट म्हणायचे. त्या वर्षांतल्या माझ्या काही पेशंटना लांब चिरेमुळे हर्निया झाले, त्याचं वाईट आजही वाटतं. पण पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा थांबेन. 2018 मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या चाचणीत काय झालं ते आठव: साडेचार वर्षांनी रोगमुक्त बायका ओपनमध्ये 96.5 टक्के, दुर्बीण किंवा रोबोवाल्या गटात 86. मला जुनाट म्हणणाऱ्यांपैकी तेव्हा कोणाचा फोन आला नाही. असो.

आणि ओपनवाल्यांनीही छाती फुगवायचं कारण नाही. इंग्लंडमधल्या लीड्सच्या पॅथॉलॉजिस्टांनी 2008 मध्ये कोलनचे 399 नमुने तपासून छापले. बहुतेक काम पोट उघडूनच व्हायचं त्या काळातले नमुने, तरी आवरण धड राहिलेले जेमतेम 32 टक्के! आणि ज्यांचं पार स्नायूपर्यंत फाटलं होतं त्यांच्या तुलनेत पाच वर्षांच्या जगण्यात सुमारे 15 टक्क्यांचा फरक. चीर वीतभर असो नाहीतर बोटभर, तुकडा बघ.

रोबोशी माझं वैर नाही. पुरुषाच्या अरुंद ओटीपोटात, गुदाशयाशी, त्याचं मनगट उपयोगी पडतं. तिथेसुद्धा 2017 च्या रोलार चाचणीत कन्व्हर्जन रोबोला 8.1 आणि लॅपला 12.2 टक्के निघालं, आणि संख्याशास्त्राने तो फरक ग्राह्य धरला नाही. कोलनला तर पोटात ऐसपैस जागा असते. उजव्या बाजूला आतडं आतल्या आत जोडायचं असेल तर रोबोने टाके घालणं सोपं जातं, मग तुकडा खालच्या आडव्या चिरेतून काढता येतो आणि हर्निया कमी होतात. हा फायदा खरा, मान्य. पण ते लॅपनेही शिकता येतं. हात दुखतील, दुखू देत. तू जिथे प्रॅक्टिस करणार म्हणतेस तिथे रोबो नाही, आणि उद्या आला तरी त्याचं बिल दागिने मोडून भरणारा पेशंट तुझ्यासमोरच बसणार आहे.

तरी जायचंच असेल तर जा, मी अडवणार नाही. मात्र फी भरण्याआधी त्या लोकांकडे मागच्या काही केसेसच्या नमुन्यांचे फोटो माग, पुढून आणि मागून दोन्ही, सोबत पॅथॉलॉजीचे रिपोर्ट, पेशंटची नावं झाकून. टाळाटाळ केली तर समज. दिले तर मलाही पाठव, आपण बसून बघू.