रकाना 28

प्रिय डॉक्टर,

अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयात तू रुजू होणार हे कळलं. आनंद झाला, पण धास्तीही वाटली. तिथे तुझ्या सहीवर माणसाचं पुढचं सगळं आयुष्य अवलंबून असेल.

सेवेतून बाहेर पडणाऱ्या सैनिकाला डीडी-214 हा कागद मिळतो. त्याच्या 28व्या रकान्यात सेवामुक्तीचं कारण लिहिलेलं असतं. तिथे ‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर’, म्हणजे व्यक्तिमत्त्व विकार, हे दोन शब्द पडले, की दोष मूळचाच, युद्धाचा त्याच्याशी संबंध नाही, असा अर्थ निघतो. मग लष्कराची वैद्यकीय निवृत्ती नाही. उलट भरतीच्या वेळी दिलेला बोनसही परत मागितला जाऊ शकतो. नोकरी मागायला गेलं तरी अनेकदा हाच कागद पुढे ठेवावा लागतो.

2004 मध्ये इराकमधल्या रमादीत 107 मिलिमीटरचं रॉकेट एका सैनिकाजवळ फुटलं. ऐकू येणं कमी झालं, युद्धात जखमी झालेल्यांना देतात ते पर्पल हार्ट पदक मिळालं, आणि निदान झालं व्यक्तिमत्त्व विकाराचं! 2001 ते 2007 या काळात या कारणाने सुमारे 26 हजार जणांना काढलं गेलं. त्यातले सुमारे 2,800 युद्धभूमीवर जाऊन आलेले होते. सगळीच निदानं चुकीची होती असं मी म्हणणार नाही. हा विकार खरा आहे, मी त्याचे रुग्ण पाहिलेत. पण तो किशोरवयात किंवा तारुण्याच्या सुरुवातीला दिसू लागतो. स्फोटानंतरच्या महिन्यात एकाएकी उगवत नाही.

एकदा एका सैनिकाची बायको बुटांच्या खोक्यात कागद भरून माझ्याकडे आली होती. भरतीच्या तपासणीचा कागद मी टेबलावर ठेवला. मानसिक स्थितीपुढे ‘सामान्य’वर खूण. त्याच्या शेजारी सेवामुक्तीचा कागद ठेवला. ती दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने विचारलं, “तेव्हा ठीक होता, तर घेऊन गेल्यावर काय झालं?” निदान करणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.

तू विचार. आईला फोन कर. शाळेत कसा होता, पहिली नोकरी का सोडली, झोप केव्हापासून उडाली, सगळं तारखांसह लिहून काढ. स्फोट किती अंतरावर झाला, शुद्ध हरपली होती का, हे त्याच्या तुकडीतल्या सोबत्यांकडून काढून घे. डोक्याला मार बसलेल्या माणसाचा चिडचिडेपणा हा त्याचा स्वभाव समजू नकोस.

दडपण येईल. वैद्यकीय निवृत्ती ठरवणाऱ्या मंडळाला महिने लागतात, प्रशासकीय सेवामुक्ती लवकर उरकते, आणि तुकडीला बदली माणूस हवा असतो. 2008 नंतर नियम कडक झाले. युद्धावर जाऊन आलेल्यांच्या अशा निदानाला वरिष्ठांचा दुजोरा लागू लागला. तरी ‘अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर’ (परिस्थितीशी जुळवून न घेता येण्याचा विकार) ही सैनिकाला काढण्याची दुसरी वाट उघडीच राहिली, तिच्याकडेही डोळे उघडे ठेव. वरिष्ठांशी मतभेद झाला तर तो तोंडी सांगून थांबू नकोस, फाइलमध्ये लिही. पुढे तो माणूस नोंद दुरुस्त करायला अर्ज करील, तेव्हा त्या चार ओळींचा त्याला आधार होईल.

पहिली अवघड फाइल आली, की नाव न सांगता मला फोन कर. रात्री उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
सर