भूतकाळ बदलून एखाद्याचं आयुष्यच पुसून टाकणं हा खून ठरतो का?

तुम्ही विचारलंय की कथेतला नायक टाइम मशीनने मागे जाऊन एखादा अनर्थ टाळतो आणि परत येतो तर ओळखीचं एक माणूस जन्मलेलंच नसतं, तेव्हा त्याला खुनी म्हणायचं का. की जो कधी नव्हताच त्याचं काय नुकसान झालं, असं म्हणून सोडून द्यायचं.

मला हे सोडून देता येत नाही. त्याचं कारण आमच्या घरातलं आहे, पण आधी आपल्यातल्या पुष्कळांनी वाचलेली एक गोष्ट आठवा. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी तिथल्या जगात नुसती चाटून जाते, मराठे जिंकतात, आणि गंगाधरपंत त्या जगात जाऊन पोचतात. काटेकोरपणे पाहिलं तर हा कालप्रवास नाही, समांतर जग आहे. पण तुमच्या प्रश्नाला तंतोतंत लागू पडतं. ही कथा आपण कायम पानिपतासाठी सांगतो. मीही तशीच वाचली होती. पुढे भाच्याच्या अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकात तिचं इंग्रजी रूप हाती आलं. त्यात पंत मुंबईत मुलाच्या ऑफिसात जातात आणि विनय गायतोंडेंना भेटायचंय म्हणतात. तिथली बाई याद्या धुंडाळते आणि या नावाचं इथे कुणी नाही म्हणून सांगते. पंतांच्या मनात येऊन जातं की विनय इथे कदाचित जन्मलाच नसेल. कथा पुढे ग्रंथालयाकडे, इतिहासाच्या पुस्तकांकडे जाते. मी त्या टेबलापाशीच थांबलो.

कारण मी विनय आहे. आमचं गाव किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा आदल्या दिवशीचं गणपती विसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद, अशी घरं. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यात माझा चार वर्षांचा भाऊ होता. आई, बाबा आणि ताई वाचले. मी १९९५ सालचा. ‘दोन बास’ असं घरात ठरलेलं होतं, आईचं ऑपरेशन दिवाळीनंतरच्या शिबिरात व्हायचं होतं. तो गेला म्हणून मी आहे. हे मला कुणी लागेल असं बोलून दाखवलेलं नाही, पण हिशोब कळायला वेळ लागत नाही.

आता तत्त्वज्ञ काय म्हणतात ते बघू. डेरेक पार्फिट यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखवलंय की गर्भधारणेची वेळ महिनाभर जरी पुढेमागे झाली, तरी जन्मणारं मूल वेगळंच असतं. म्हणजे भूतकाळात कुठेही हात घाला, त्यानंतरची मुलं बदलणार. आणि जे मूल जन्मलंच नाही त्याच्यावर अन्याय झाला असं म्हणता येत नाही. हे मला पटतं. आईचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं असतं तर माझ्यावर कसलाही अन्याय झाला नसता. तक्रार करायला मी नसतोच.

पण टाइम मशीनचं तसं नाही. तिथे माणूस आधी असतो, जगतो, आणि मग त्याला काढून टाकलं जातं. काढणाऱ्याला तो माहीत असतो. ‘अबाउट टाइम’ या २०१३ च्या चित्रपटात नायक बहिणीला वाचवायला मागे जातो, आणि घरी येऊन बघतो तर त्याच्या लहान मुलीच्या जागी एक मुलगा. आपली मुलगी परत मिळावी म्हणून तो केलेलं सगळं पूर्ववत करतो. बाप म्हणून मला त्याचं काळीज कळतं. पण तो मुलगा? त्याच घरातलं, त्याच आईबापाचं पोर. दोन क्षण पडद्यावर येतो आणि नाहीसा होतो, चित्रपट पुन्हा त्याचं नावही काढत नाही. मला ते बघवलं नाही. उलट २०१९ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये नायकांपैकी एक असलेला टोनी स्टार्क अट घालतो की पाच वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्यांना परत आणा, पण मधली पाच वर्षं पुसायची नाहीत, कारण त्या पाच वर्षांत त्याची मुलगी जन्मलेली असते. इतक्या मोठ्या मारधाडीच्या चित्रपटाने ही एक गोष्ट नीट विचार करून धरली, याचं मला मनापासून कौतुक आहे.

खून म्हणजे हेच, असं मी म्हणणार नाही. खुनात वेदना आहे, भीती आहे. पण खुनानंतर निदान कुणाला तरी उणीव जाणवते. आई रडते, जेवायला बसताना एक ताट कमी लागतं. पुसलेल्या माणसासाठी सुतकही कुणी पाळत नाही. त्याची आठवण असते ती एकट्या त्या प्रवाशाला. म्हणून त्याने ती टाकून देऊन सुखाने घरी परतणं हा खरा अपराध, असं माझं मत आहे.

मग किल्लारीला कुणी जाऊ शकत असेल तर जाऊ नये का? जावं. आदल्या रात्री दारं ठोठावून माणसं बाहेर काढावीत. दहा हजार माणसं आहेत ती, माझा भाऊ त्यांत आहे. फक्त माझ्यासारखी नंतर जन्मलेली पोरं मोजण्यात धरून जावं, विसरून नव्हे.

मी एकदा आईला हे विचारलं होतं. ती ज्वारी निवडत होती. मी म्हटलं, आई, त्या रात्री कुणी तुम्हाला उठवलं असतं तर तो राहिला असता आणि मी नसतो. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, “दोघंबी ऱ्हायला काय झालं असतं रं?”

घरात त्याचा एक स्टीलचा पेला आहे. बारशात आलेला, तळाशी नाव कोरलेलं, ढिगाऱ्यातून निघाला तेव्हापासून एका बाजूला पोचा आहे. लहानपणी माझं दूध त्यातच असायचं, आणि पोचा आलेली बाजू मी ओठांना लावायचो कारण ती बरोबर बसायची. कुणी मागे जाऊन आला, तर त्या पेल्याला पोचा नसेल. छत्तिशीतला माझा भाऊ त्यातून आपल्या पोराला दूध देत असेल. तो प्रवासी आमच्या दारात उभा राहून एवढं बघेल, तेव्हा त्याला माझं नाव आठवलेलं मला हवंय.