टेक्सासमध्ये शेजाऱ्यांनी तमाले (मक्याच्या पिठात सारण भरून, मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेला मेक्सिकन पदार्थ) करायला बोलावलंय आणि त्यांचा मुलगा अमेरिकन फुटबॉलचा ‘प्रॉस्पेक्ट’, म्हणजे कॉलेज संघांची नजर असलेला शाळकरी खेळाडू आहे. शाकाहारी माणसाने काय खावं, मुलाशी काय बोलावं?

खाण्याचं आधी सांगतो, कारण गफलत तिथेच होते. सारण बीन्सचं किंवा चीज आणि हालापेन्यो मिरचीचं आहे, एवढ्यावर विसंबू नका. चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याच्या त्या पिठातच डुकराची चरबी फेटलेली असते, आणि पुष्कळदा मांस शिजवलेलं पाणीही. दोन-तीन दिवस आधी फोन करून सांगा. वनस्पती तूप घालून थोडं पीठ वेगळं मळणं त्यांना जड नाही, आयत्या वेळी मात्र काही होत नाही. आणि बाहेरची मक्याची साल खायची नसते! 1976 मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी टेक्सासमधल्याच सॅन अँटोनियोत सालीसकट घास घेतला, त्याची थट्टा अजून चालते.

जेवणाच्या वेळेला जाऊ नका, सकाळीच जा. आपल्याकडे दिवाळीआधी करंज्यांना चार घरच्या बायका जमतात तसलंच हे, फक्त इथे पुरुष आणि पोरंही कामाला बसतात. भिजवलेल्या सालीची गुळगुळीत बाजू वर घ्यायची, चमच्याच्या पाठीने पीठ पातळ पसरायचं, निमुळतं टोक मोकळं सोडायचं. तुमचा थर जाड झाला तर आजी मुकाट्याने खरवडून साल परत हातात देईल, राग मानू नका. पीठ पुरेसं फेटलं का, हे बघायला चिमूटभर पाण्यात टाकतात, तरंगलं की झालं. काही घरांत वाफेच्या पातेल्याच्या तळाशी नाणं टाकतात. त्याची खडखड थांबली की पाणी आटलं समजायचं.

आता मुलगा. “कुठलं कॉलेज नक्की झालं?” हे विचारू नका. 2017 पासून कॉलेजांशी सह्या करण्याचा एक टप्पा डिसेंबरातच येतो, म्हणजे ऐन तमालांच्या दिवसांत. त्याला हा प्रश्न प्रत्येक काकाने विचारून झालेला असतो. कॉलेजची ऑफर म्हणजे जागा नव्हे, आणि तोंडी होकार कुणालाच बांधून ठेवत नाही. कोच बदलला की ऑफर हवेत विरते. त्यात हल्ली कॉलेजं दुसऱ्या कॉलेजातून बदली मागणारे तयार खेळाडू आधी उचलतात, शाळकरी पोराला थांबावं लागतं. शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या शंभरातले सात-एकच कॉलेजच्या संघात पोचतात.

“अभ्यासाचं काय?” हा आपला ठेवणीतला प्रश्नही गिळा. वरच्या गटातल्या कॉलेजात खेळायचं तर शाळेत 16 मुख्य कोर्स आणि ठरावीक सरासरी लागतेच, त्याचा हिशेब तो नववीपासून ठेवत असणार. त्यापेक्षा कुठल्या जागेवर खेळतो ते विचारा आणि यंदाची एखादी मॅच सांगायला लावा. मग तो थांबत नाही.

एक राहिलं. त्यांची शाळा अजून प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत असेल तर बेताची तारीख आदल्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्या. राज्याचे अंतिम सामने डिसेंबरातच आर्लिंग्टनला असतात, आणि संघ तिथवर गेला तर त्या दिवशी घरात चूल पेटत नाही.