काठमांडूमध्ये पशुपतिनाथाखेरीज स्थानिक संस्कृती अनुभवण्यासाठी काय पाहावे?

आई-वडिलांसह वैशाखात नेपाळला जाणार असून पशुपतिनाथाच्या दर्शनानंतर दोन दिवस हाती आहेत, असे आपण लिहिले आहे. ते दोन्ही दिवस काठमांडूला लागून असलेल्या पाटणला, म्हणजे ललितपूरला द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. ज्या मच्छिंद्रनाथांपासून गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ अशी गुरुपरंपरा ज्ञानेश्वरांपर्यंत येते, त्यांचा रथ वैशाखात याच शहरातून ओढला जातो.

गोरक्षनाथ पाऊस देणाऱ्या नागांना अडवून ध्यानस्थ बसले, त्यामुळे बारा वर्षे पाऊस पडला नाही. गुरू आले तर शिष्य वंदनासाठी उठेल आणि नाग मोकळे होतील, म्हणून मच्छिंद्रनाथांना इथे आणले गेले, अशी तिथली कथा आहे. पावसासाठीची ही यात्रा पावसाळ्याच्या तोंडावर भरते, ती त्यामुळेच. काठमांडू खोऱ्यातील मूळ रहिवासी असलेल्या नेवार समाजातील बौद्ध रथातील मच्छिंद्रनाथांच्या मूर्तीला करुणामय अवलोकितेश्वर बोधिसत्त्व मानतात आणि तिची पूजा बौद्ध पुजारी करतात; हिंदू भाविकही तितक्याच श्रद्धेने रथाचा दोर धरतात. आपल्या नवनाथांचे हे रूप घरातील ज्येष्ठांना विशेष भावेल, असे मला मनापासून वाटते. बांबू आणि वेताने बांधलेला तो सुमारे ६० फुटी रथ वळणावर कलतो, तेव्हा त्यांना मात्र गर्दीपासून दूर उभे करावे. शेवटी पाटणमधील जावलाखेलला रत्नजडित भोटो, म्हणजे बंडी, लोकांना दाखवला जातो आणि यात्रेची सांगता होते.

पाटणच्या दरबार चौकातील कृष्णमंदिर तिथले राजे सिद्धिनरसिंह मल्ल यांनी १६३७ मध्ये बांधले. त्याच्या दगडी पट्ट्यांवर रामायण-महाभारत कोरलेले आहे. जवळच्या राजवाड्यातील संग्रहालय चुकवू नये. दुपारी एखाद्या नेवारी खाणावळीत डाळ वाटून तव्यावर भाजलेला बारा खावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटणच्या दक्षिणेकडील बुंगमती गावाला जावे. वर्षाचे सुमारे सहा महिने मच्छिंद्रनाथांची मूर्ती तिथे आणि उरलेले पाटणला असते. तिथले मंदिर २०१५ च्या भूकंपात कोसळले होते, तरी गावातील काष्ठशिल्पकारांचे काम पाहण्यातच अर्धा दिवस सहज जातो.

रथ हलवण्याचे आणि भोटो दाखवण्याचे मुहूर्त ज्योतिषी ठरवतात, त्यामुळे विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी मुक्कामाच्या हॉटेलला फोन करून तारखा विचारून घ्याव्यात.