सोलर आधी की गच्ची?

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. निवृत्तीला चार वर्षं आहेत. कराड तालुक्यात १९९८ साली बांधलेलं आमचं घर आहे, गच्ची साधारण ९०० चौरस फूट. बँकेत ४ लाखांची एफडी आहे आणि पतसंस्थेत दीड लाखाची ठेव, ती मार्चमध्ये संपते. महिन्याला सरासरी २४० युनिट वीज लागते, बिल २,७०० च्या आसपास येतं. पुण्यातला मुलगा म्हणतो, जीपीएफमधून (भविष्य निर्वाह निधीतून) काढा पण ३ किलोवॉटचं सोलर बसवाच, ७८ हजार अनुदान आहे. त्याचं कोटेशन १ लाख ९५ हजारांचं आहे, २ किलोवॉटचं १ लाख ४० हजारांचं. लाइट गेली तरी घर चालू राहील, असं कंपनीचा माणूस म्हणाला. पत्नीला आधी गच्ची करायची आहे. बेडरूमच्या छताचे पोपडे पडतात, पावसाळ्यात पंख्याच्या बटणाला हात लावला की झिणझिण्या येतात. कोबा (गच्चीवरचा जुना थर) काढून नव्याने वॉटरप्रूफिंग करायला एकाने सव्वा लाख सांगितले, दुसऱ्याने नुसता कोट मारायला ४५ हजार. वायरिंग बदलायला ५५ हजार लागतील. सगळं एकदम झेपणार नाही. काय करू?

उत्तर: सर, झिणझिण्यांचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी ते तीनदा वाचलं. स्लॅबमधला ओलावा पाइपातून बोर्डापर्यंत उतरला, की वीज भिंतीत आणि बटणात यायला लागते. सध्या पावसाळा नाही म्हणून ती दिसत नाही, एवढंच. त्यामुळे हे काम मार्चच्या ठेवीसाठीही थांबवायचं नाही. या आठवड्यात चांगल्या वायरमनला बोलवा आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडला, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. काही हजारांचं काम आहे, पगारातून होईल. त्याच खेपेला अर्थिंग मोजायला सांगा. १९९८ च्या घरांत अर्थिंगचा खड्डा बहुतेक वेळा कोरडा ठणठणीत असतो, आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याला कुणीतरी जाड तार गुंडाळलेली असते. तुमच्याकडे तशी असेल तर ती आजच काढा. एक सांगून ठेवतो, ईएलसीबी बसवल्यावर जुलैत कुठे ओल राहिली असेल तर तो वारंवार पडेल. काही वायरमन अशा वेळी तो काढून थेट जोडून देतात. तसं करू देऊ नका. तो पडतोय म्हणजे त्याचं काम करतोय.

आता सोलरकडे येऊ. मुलाचं गणित चुकलेलं नाही. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार अनुदान मिळतं. आपल्या भागात १ किलोवॉटला वर्षाची सरासरी धरून दिवसाला ४ युनिट वीज तयार होते. म्हणजे २ किलोवॉटला महिन्याला २४० युनिट, बरोबर तुमच्या वापराइतके. ३ किलोवॉट घेतलं तर शंभरएक युनिट जास्तीचे होतील. ते नेट मीटरिंगमध्ये महावितरणकडे जमा होतात आणि पुढच्या महिन्यांत वापरता येतात, पण वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटांचे हाती पडणारे पैसे किरकोळ असतात. बिल कधीच पूर्ण शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच. महिन्याला २,४०० वाचतील असं धरा. अनुदान वजा जाता २ किलोवॉटचा खर्च ८० हजार, तो पावणेतीन वर्षांत निघतो. ३ किलोवॉटचा खर्च १ लाख १७ हजार, त्याला चार वर्षं लागतात. ८० हजारांची एफडी वर्षाला पाच-साडेपाच हजार व्याज देते, त्यावर कर वेगळा. सोलर वर्षाला २८ हजार वाचवतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत इतका सरळ फायदा क्वचित दिसतो. मी २ किलोवॉट घेईन. पुढच्या दोन वर्षांत एसी किंवा विजेची स्कूटर नक्की येणार असेल, तरच ३.

लाइट गेल्यावर घर चालू राहील, हे मात्र खरं नाही. तुम्हाला सांगितलेली यंत्रणा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेली आहे. खांबावरची लाइट गेली की ती स्वतःहून बंद पडते, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. लाइट गेल्यावर चालायला बॅटरी लागते आणि बॅटरी आली की वरचं सगळं गणित बदलतं. आणखी एक, अनुदान भारतीय बनावटीच्या सेलच्या पॅनेललाच मिळतं. कोटेशनवर तसं लिहून घ्या.

मग एवढं फायद्याचं असूनही सोलर आधी का नाही? कारण त्या पॅनेलचे पाय तुमच्या गळक्या गच्चीवर उभे राहणार आहेत. लोखंडी सांगाड्यासाठी कोब्यात बोल्ट जातील किंवा काँक्रीटचे ठोकळे बसतील, आणि दोन वर्षांनी वॉटरप्रूफिंगवाला म्हणेल, हे सगळं हलवा. मी स्वतः यात पोळलोय. आमच्या जुन्या घरी गच्ची करायच्या आधी मी सोलर हीटर बसवला होता. पुढच्याच वर्षी तो उतरवावा लागला. काढण्या-बसवण्याचे अठरा हजार गेले, काचेच्या दोन नळ्या फुटल्या आणि बायको आजही पाहुण्यांसमोर तो किस्सा सांगते. सोलर ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलल्याने तुमचे अठरा-वीस हजारांचे बिल वाचायचे राहील, हे कबूल. तरी मी थांबेन. नवी गच्ची एक पावसाळा बघू दे. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत मंजूर आहे, तेव्हा दिवाळीच्या आत अर्ज केला तरी चालेल. त्यापुढे ढकलू नका.

सव्वा लाख की ४५ हजार, याचं उत्तर छतावरच्या डागाकडे आहे. वहिनींना विचारा, तो डाग एप्रिल-मेमध्येही ओला असतो का? असेल तर गळती पावसाची नाही, वरच्या टाकीची किंवा पाइपची आहे आणि प्लंबर काही हजारांत ती थांबवेल. उन्हाळ्यात खडखडीत कोरडा आणि जूनपासून ओला असेल, तर पाणी गच्चीतून येतंय. मग बांबूने किंवा छोट्या हातोडीने छत हलकेच वाजवून बघा. भदभद आवाज आला, तर आतला गिलावा सुटलाय. पोपड्याखाली तांबूस सळई दिसली, तर सळ्या गंजल्यात. गंजलेली सळई फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते, तिथे वरून कोट मारून काही होत नाही. पोपडे पडतायत म्हणता, त्यावरून मला कोबा काढण्याचंच काम दिसतंय, पण ठेकेदाराच्या शब्दावर सव्वा लाख घालू नका. आधी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पाच-सात हजार फी जाईल, पण त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं. काम मृग लागायच्या बरंच आधी, एप्रिलअखेर संपवा. पन्हाळीकडे ढाळ नीट दिलाय का आणि कठड्याच्या कडेने गोलाई केलीय का, हे उभं राहून बघा. शेवटचा हप्ता देण्याआधी पन्हाळी बंद करून दोन-तीन दिवस गच्चीवर पाणी साठवून ठेवा आणि खालून छत बघत राहा. ही अट आधीच कागदावर घ्या, नंतर कुणी ऐकत नाही. बेडरूमची नवी वायरिंग छत सुकल्यावर, पण गिलावा आणि रंगाच्या आधी करा. नाहीतर रंगाचे पैसे दोनदा जातील.

पैसे कुठून आणायचे? पतसंस्थेतला दीड लाख आधी वापरा. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवींना ते संरक्षण नाही. तुमची संस्था चांगली असेल, पण मार्चमध्ये ठेव सुटतेच आहे तर ती गच्चीत जाऊ दे. गच्ची आणि वायरिंग मिळून १ लाख ८० हजार होतात, वरचे तीस हजार तीन-चार पगारांतून निघतील. बँकेच्या एफडीला हात लावायचा नाही, ती तुमची आजारपणाची आणि अडीअडचणीची शिल्लक आहे. जीपीएफला तर नाहीच. ७.१ टक्के देणारी जागा निवृत्तीच्या तोंडावर रिकामी करू नये, मुलाला माझा निरोप सांगा.

ऑक्टोबरात सोलरसाठी कर्ज घ्या. ३ किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय मिळतं, व्याज सहा टक्क्यांच्या आसपास. एफडीचं व्याज कर जाऊन पाचच्या घरात उरतं, म्हणजे एफडी न मोडण्याची किंमत वर्षाला हजाराच्याही आत आहे. ती मी आनंदाने मोजेन. १४ हजार स्वतःचे घाला, १ लाख २६ हजार कर्ज घ्या. यंत्रणा सुरू झाल्यावर ६० हजार अनुदान खात्यात आलं की तसंच्या तसं कर्जात भरा. राहिलेल्या ६६ हजारांना बिलात वाचणारे २,४०० दर महिन्याला लावले, तर अडीच वर्षांत कर्ज संपतं, निवृत्तीच्या आधी. अनुदान बचत खात्यात पडून राहिलं तर ते कुठे जातं, हे सगळ्यांना माहीत आहे.

मधल्या काळात रात्रभर चालणारे तीन जुने पंखे बदलता येतील. जुना पंखा ७५ वॉटचा, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपासचा. रोज दहा तास आणि वर्षाचे आठ महिने धरले तर तिन्ही मिळून सव्वातीनशे युनिट वाचतात, म्हणजे चारएक हजार रुपये. सध्याच्या बिलावर आठ-नऊ हजारांचा खर्च दोन-सव्वादोन वर्षांत निघतो, सोलर आल्यावर मात्र ही बचत कमी होईल. घाई नाही.

घराचा विमा तुमच्या पत्रात कुठे दिसला नाही. भारत गृह रक्षा ही पॉलिसी २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, वीज पडणं, वादळ, पूर त्यात येतात, देखभालीअभावी झालेली गळती येत नाही. बांधकामाच्या खर्चावर रक्कम धरा, जमिनीच्या भावावर नको. पॅनेल बसले की रक्कम वाढवून घ्या.

पंखे बदलताना बेडरूमचा पंखा मात्र लगेच लटकवू नका. तो ज्या हुकाला आहे तो याच ओल्या स्लॅबमधून आलाय, आतून किती गंजलाय ते खालून दिसत नाही. इंजिनिअर येईल तेव्हा हूक ओढून तपासायला लावा. तोवर पलंग त्या पंख्याखालून भिंतीकडे सरकवा.