ऊती, ओतप्रोत आणि रफू

‘वय वाढले की ऊतींची दुरुस्ती मंदावते’ या वाक्यात ‘दुरुस्ती’ चालेल की ‘झीज भरून निघणे’ म्हणावे, असे एका वाचकांनी विचारले आहे. ‘ऊती’ (इंग्रजीत ‘टिश्यू’, म्हणजे एकसारख्या पेशींची वीण) हा शब्द ‘ऊत येणे’ यातून आला का, अशी शंकाही त्यांनी जोडली आहे. शंका आधी घेतो, कारण ‘ऊती म्हणजे उतू आलेल्या पेशी’ ही व्युत्पत्ती ऐकून माझे कान किटले आहेत. दुधाला येणाऱ्या उताचा आणि शरीरातल्या ऊतींचा काडीचाही संबंध नाही.

‘ऊती’ आला तो विणणे या अर्थाच्या ‘वे’ या संस्कृत धातूपासून. त्याच धातूचे ‘उत’ म्हणजे विणलेले, आणि त्याला ‘आ’ व ‘प्र’ हे उपसर्ग लागले की ‘ओत’ आणि ‘प्रोत’. हे सर्व पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे, असे बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, तेव्हा ती काही ओतत नसते. ती उभ्या-आडव्या धाग्यांविषयी बोलत असते. ‘भक्तिरसाने ओतप्रोत भरलेला’ असे लिहिणाऱ्यांनी हंडा-कळशी बाजूला ठेवून जरा मागाकडे पाहावे.

‘ऊती’ हा परिभाषाकारांनी लादलेला शब्द असून साधे ‘पेशीसमूह’ म्हणावे, असे काही जाणकार बजावतात, ते मला मुळीच मान्य नाही. समूह जत्रेतही असतो, पण त्याला वीण नसते. फ्रेंचांच्या ‘तिस्यू’चा मूळ अर्थही विणलेले असाच आहे, आणि झाविये बिशा या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञाने १८००च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाला हात न लावता अशा २१ ऊती वेगळ्या काढल्या.

शिवाय ही वीण नुसते रूपक नाही. निरोगी त्वचेत कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. खोल जखम भरते तेथे ते बरेचसे एकाच दिशेने पडतात, आणि ती जागा मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे बळकट होत नाही. विळीने कापलेल्या माझ्या अंगठ्यावर एक पांढरा पट्टा आहे, त्यापाशी ठशाच्या रेषा अचानक तुटतात. आजीच्या नऊवारीवरचे रफू उजेडात धरले की असेच दिसायचे.

तेव्हा ‘दुरुस्ती’ म्हणायला हरकत नाही, पण जखमेपुरते ‘रफू’ अधिक नेमके आहे. जखमेविना चालणाऱ्या नवीकरणाला मात्र ‘झीज भरून निघणे’च शोभते: बाह्यत्वचा तरुणपणी साधारण चार आठवड्यांत नवी होते, उतारवयात तिला सहा आठवडे किंवा अधिकही लागतात, हृदयाच्या स्नायुपेशी पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का बदलतात आणि पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्याने. ‘वय’ आणि ‘वयन’ म्हणजे विणकाम यांचे नाते जुळवण्याचा मोह मलाही झाला होता, परंतु ‘वय’ हा ‘वयस्’पासून आलेला वेगळा शब्द असल्यामुळे तो आवरावा लागला.