घाटात तापणारी जुनी मारुती : हेड उतरवण्याआधी काय तपासावे?

प्रश्न : माझ्याकडे १९९७ सालची, कार्ब्युरेटर असलेली मारुती ८०० आहे. शहरातल्या गर्दीत किंवा सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर राहतो आणि रेडिएटरचा पंखाही वेळेवर सुरू होतो. मात्र चिपळूणहून परतताना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढू लागलो की दहा-पंधरा मिनिटांत काटा लाल पट्टीला टेकतो. रेडिएटरमध्ये मी घरच्या बोअरचे पाणी घालतो. दोन वर्षांपूर्वी मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारा वॉल्व्ह) काढून टाकला, पण फरक पडला नाही. आता हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलबंद पट्टी) गेले आहे, हेड उतरवावे लागेल, असे ते म्हणतात. घाटातून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाजूची प्लॅस्टिकची टाकी काठोकाठ भरलेली असते, पण रेडिएटरमध्ये मात्र सुमारे अर्धा लिटर पाणी कमी असते. हेड उतरवू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : इतक्यात उतरवू नका. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती शेवटी आली आहे आणि तपासणीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

रेडिएटरच्या झाकणाचे काम प्रेशर कुकरच्या झाकणासारखे असते. त्यावर बहुधा ०.९ असा आकडा छापलेला असतो. तेवढा दाब आत टिकला तर साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले, त्याला चीर पडली किंवा स्प्रिंग ढिली झाली, की हा दाब टिकत नाही आणि चढावर पाणी फार लवकर उकळू लागते. याच झाकणाच्या मध्यभागी एक लहानसा दुसरा वॉल्व्ह असतो. इंजिन थंड होताना रेडिएटरमध्ये पोकळी निर्माण होते, तेव्हा तो उघडतो आणि बाहेर पडलेले पाणी टाकीतून परत आत खेचले जाते. आपल्या गाडीत पाणी टाकीपर्यंत जाते, पण परत येत नाही. म्हणजे हा वॉल्व्ह अडकला असावा, टाकीकडे जाणारी बारीक नळी चिरली असावी किंवा तिचे टोक टाकीच्या तळापर्यंत पोहोचत नसावे. नवे झाकण अगदी थोड्या पैशांत मिळते. ते त्याच आकड्याचे घ्यावे, जास्त दाबाचे मुळीच नको. इंजिन गरम असताना मात्र झाकणाला हात लावू नये, कारण उसळून आलेली वाफ चेहरा आणि हात भाजून काढते.

तरीही केवळ झाकण बदलून आपला प्रश्न पूर्ण सुटेल असे मला वाटत नाही. गाडी संथ चालताना गरम होत असेल तर दोष बहुतेक वेळा पंख्याकडे असतो. आपली गाडी मात्र गर्दीत ठीक राहते आणि इंजिनावर जोर आला की तापते. पंखा, त्याचा स्विच आणि फ्यूज यांच्यावर खर्च करण्याचे म्हणूनच कारण नाही. जोर आल्यावर निर्माण होणारी उष्णता रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही, एवढाच याचा अर्थ, आणि वर्षानुवर्षे बोअरचे पाणी घातले असेल तर पहिला संशय रेडिएटरवरच घ्यावा लागतो. त्या पाण्यातले क्षार नळ्यांच्या आतल्या बाजूला चुन्यासारखे बसतात आणि काही नळ्या हळूहळू पूर्ण बंद होतात.

हे घरच्या घरी ओळखता येते. गाडी अर्धा तास चालवून बंद करावी, पंखा अचानक फिरू नये म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि रेडिएटरच्या जाळीजवळून तळहात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवावा, जाळीला टेकवू नये. ऊब सगळीकडे सारखी जाणवली पाहिजे. आजूबाजूची जाळी गरम आणि मधला एखादा पट्टा गार लागला, तर त्या पट्ट्यामागच्या नळ्यांतून पाणी फिरतच नाही असे समजावे. रेडिएटर पितळी असेल तर चांगला कारागीर त्याची टाकी उकलून नळ्यांत सळई घालून साफ करून देतो. अॅल्युमिनिअमचा असेल तर नवा घेणेच शहाणपणाचे.

मग पंपाकडे वळावे. या इंजिनात वॉटर पंप आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) एकाच रबरी पट्ट्यावर म्हणजे बेल्टवर फिरतात, त्यामुळे पट्टा ढिला असेल तर दोन्हींवर परिणाम होतो. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर तो घसरतो आहे. सध्या थर्मोस्टॅट नाही, त्याचा इथे एक फायदा आहे : थंड इंजिन झाकण न लावता सुरू करून रेस थोडी वाढवली, तर रेडिएटरच्या तोंडाशी पाणी वाहताना दिसले पाहिजे. ते जेमतेम हलत असेल आणि रेडिएटर मोकळा असेल, तर पंप काढून पाहावा. साध्या पाण्यावर वर्षानुवर्षे चालवलेल्या एका गाडीचा पंप मी उघडून पाहिला होता. गंजाने खाल्लेली पाती मुळापर्यंत झिजून केवळ खुंट उरले होते, आणि बाहेरून त्या पंपात काहीही दोष दिसत नव्हता. रेस वाढवताना खालचा होज पाइप चपटा होतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

थर्मोस्टॅट काढण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि मला ती चुकीची वाटते. त्याने सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त लागते, झीज वाढते आणि मूळ दोष तसाच राहतो. नवा घेऊन बसवावा. बसवण्याआधी तो दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात, तळाला टेकणार नाही असा, लोंबता ठेवावा आणि पाणी तापवावे. त्यावर ८२ किंवा ८८ असा जो आकडा कोरलेला असेल, त्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. इग्निशन टायमिंग मागे पडले असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तरीही इंजिन चढावर तापते, म्हणून तेही एकदा तपासून घ्यावे.

राहता राहिला हेड गॅस्केटचा संशय. पाणी काठोकाठ भरून, झाकण न लावता थंड इंजिन सुरू करावे. सुरुवातीला अडकलेली हवा बाहेर पडते, पण पाच मिनिटांनंतरही बुडबुडे सतत येत राहिले, झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांतच वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला, तर आपल्या मेकॅनिकचे म्हणणे खरे आहे. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडाशी निळा द्राव धरून चाचणी करता येते. सिलिंडरमधला वायू पाण्यात मिसळत असेल तर तो द्राव पिवळा पडतो. यातले काहीही आढळले नाही, तर हेडला हात लावण्याचे कारण नाही.

दुरुस्तीनंतर यंत्रणा स्वच्छ धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, कूलंटच्या बाटलीवर दिलेल्या प्रमाणात, भरावे. तोवर घाट चढणे टाळावे. चढावाच लागला आणि काटा वर जाऊ लागला, तर गाडीत हिटर असल्यास तो पूर्ण सुरू करून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि निदान तासभर थांबावे. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नये, कारण या गाडीचे हेड अॅल्युमिनिअमचे आहे आणि ते वाकले, तर गॅस्केट चांगले असूनही हेड उतरवून फेसिंगला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) द्यावेच लागेल.